हजेरीच्या दोन वह्या

तास सुरू होताना प्राध्यापकाच्या हाती सर्वांत आधी येते ती हजेरीची वही. आपण शिक्षक तिला एक कंटाळवाणे सरकारी ओझे समजतो. पंच्याहत्तर टक्क्यांचा नियम, महिन्याच्या शेवटी करावी लागणारी बेरीज, मागच्या बाकावरून दुसऱ्याच्या नावाने येणारा 'हजर' असा ओळखीचा आवाज, आणि तो ओळखूनही कधीकधी आपण केलेला कानाडोळा. एवढ्यात तिचे माहात्म्य संपते. मराठी भाषा मात्र 'हजेरी' या शब्दाकडे इतक्या निर्विकारपणे पाहत नाही. 'आज सरांनी त्याची चांगलीच हजेरी घेतली' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात उपस्थितीची नोंद नसते, खरडपट्टी असते. नाव पुकारणे आणि धारेवर धरणे हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात का आले असावेत, या प्रश्नाचे उत्तर कोशात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधावे, असे मला वाटते. आणि त्यासाठी कोल्हापूरसारखे दुसरे गाव नाही.

१९१७ आणि १९१८ या लागोपाठच्या दोन वर्षांत कोल्हापूर संस्थानात दोन निर्णय झाले. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरवला. १९१८ साली त्यांनी महार, मांग, रामोशी, बेरड इत्यादी जमातींवर लादलेली पोलिसी हजेरी बंद केली. दरवर्षी २६ जूनला होणाऱ्या आपल्या भाषणांत हे दोन निर्णय दोन वेगळ्या यादीत येतात. पहिला 'शैक्षणिक कार्य' या मथळ्याखाली, दुसरा 'दलितोद्धार' या मथळ्याखाली. प्रस्तुत लेखात ते शेजारी ठेवून वाचायचे आहेत. एक हजेरी सक्तीची झाली आणि दुसरी रद्द झाली. कोवळी मुले मारामारीकडे, टोळीकडे कशी वळतात आणि त्यांना कसे अडवावे, हा प्रश्न आज आपल्या स्टाफरूममध्ये आणि पोलिसांच्या बैठकांत वारंवार निघतो. त्याचे एक जुने आणि विसरलेले उत्तर या दोन निर्णयांच्या मधल्या जागेत आहे, अशी माझी समजूत आहे.

आधी रद्द झालेल्या हजेरीविषयी. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणसाने गुन्हा केल्यावर त्याची नोंद करायची, हा दंडविधानाचा साधा क्रम त्याने उलटा केला. इथे नोंद आधी झाली. विशिष्ट जमातीत जन्माला आलेले मूल हे जन्मतःच वहीत गेले. ठरलेल्या वेळी हजर राहायचे, गावाबाहेर जायचे तर परवाना घ्यायचा, रात्री अंथरुणात आहे की नाही याची खातरजमा करायला कोणी आले तर उठून 'आहे' म्हणायचे. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारवस्तीत ठेवण्याची मुभा सरकारला दिली. १९११ च्या कायद्याने हा सारा कारभार देशभर लागू झाला. कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्यांसाठी गावोगावी पाटलाच्या चावडीवरची हजेरी होतीच. बालगुन्हेगारी रोखण्याचा हा आपल्या देशातला बहुधा सर्वांत मोठा सरकारी प्रयोग होता, असे म्हटले तर ते कडू वाटेल, पण चुकीचे ठरणार नाही. सरकारचा हेतू 'प्रतिबंध' हाच होता.

त्या प्रतिबंधाचे फळ काय, हे अहवालांपेक्षा मराठी साहित्याने अधिक नेमके नोंदले आहे. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. वारणेच्या खोऱ्यातली ही कथा. आपण ती वर्गात शिकवतो तेव्हा फकिराच्या शौर्यावर आणि बंडावर भर देतो. पण त्या बंडाच्या मुळाशी मांगवाड्यावर लादलेली हजेरी आहे, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष क्वचित वेधले जाते. ज्याला चावडीवर रोज आपण चोर नसल्याचे सिद्ध करावे लागते, त्याच्या मनात चोर नसण्याचे मोल किती काळ टिकेल? अण्णा भाऊ हा प्रश्न घोषणेसारखा मांडत नाहीत. ते फक्त त्या माणसाला उपाशी मुलांसमोर उभे करतात.

दुसरे पुस्तक लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या'. १९८७ साली आलेल्या या आत्मकथनाला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातले लहान मुलांना चोरीची 'विद्या' शिकवण्याचे तपशील वाचून शहरी वाचक हादरला होता. मला स्वतःला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. पुढे पोलिसांचा मार सोसता यावा, माराने तोंड उघडू नये, म्हणून मुलांना घरातच मार खाण्याची सवय लावली जाते. येथे हिंसेची साखळी पुरी होते. वहीत नाव असल्यामुळे मार ठरलेला, मार ठरलेला म्हणून त्याची तयारी, आणि तयारी झालेल्या मुलाला त्या धंद्याशिवाय दुसरे काही येत नाही. १९४९ साली मुंबई प्रांतात आणि १९५२ साली देशभर हा कायदा रद्द झाला. वही मिटली, पण तिची सावली मिटायला किती पिढ्या लागतात हे 'उचल्या' सांगते. लेखकाला त्या सावलीतून बाहेर काढणारी पहिली वाट शाळेची होती, हेही तेच पुस्तक सांगते.

म्हणजे पुन्हा हजेरी आली, पण दुसऱ्या वहीतली.

शाहू महाराजांनी पोलिसी हजेरी बंद केली तेव्हा त्या माणसांना नुसते मोकळे सोडून दिले नाही, हे महत्त्वाचे. शिकारीच्या निमित्ताने ओळख झालेल्या फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीच्या परिसरात वसवले आणि पहाऱ्याच्या कामावर घेतले. ज्यांच्यापासून राखण करायची असे सगळे जग मानत होते, त्यांच्याच हाती राखण दिली. संशयाच्या यादीतून नाव काढले आणि विश्वासाच्या यादीत घातले. या दोन कृती एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. नुसते नाव काढले असते तर माणूस कोणाच्याच यादीत राहिला नसता, आणि कोणाच्याच यादीत नसलेल्या तरुणाला आपल्या यादीत घ्यायला कोणी ना कोणी टपलेले असतेच.

शाळा आणि वसतिगृहे यांचा विचारही याच अंगाने करायला हवा. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यामागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली. आपण त्यांच्याकडे शिक्षणप्रसाराचे साधन म्हणून पाहतो आणि ते बरोबरच आहे. पण खेड्यातून आलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने वसतिगृह म्हणजे काय होते? परक्या शहरात रात्री दिवा मालवण्यापूर्वी आपण आलो की नाही हे पाहणारे कोणीतरी माणूस. जेवणाच्या पंगतीत एक पाट रिकामा राहिला तर तो कोणाचा, हे ठाऊक असणारी जागा.

अर्थात या व्यवस्थेला काळी बाजू होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ही वसतिगृहे जातीजातींची होती. एकीकडे ती मुलाला सांभाळत होती आणि दुसरीकडे त्याची जात पक्की करत होती. भाऊराव पाटील यांची हकीकत प्रसिद्ध आहे. जैन बोर्डिंगात राहणारा हा विद्यार्थी १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेला, परतल्यावर 'शुद्धी'साठी आंघोळ करायला त्याने नकार दिला आणि त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावे लागले. सांभाळणारी वहीसुद्धा नाव खोडू शकते, याचा हा पुरावा. पण त्याच तरुणाने पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली ठेवून, एकत्र राबवून, एकत्र जेवू घालून दाखवले. १९१९ सालीच शाहू महाराजांनी संस्थानातल्या अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा मोडून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. एकाने दुसऱ्याला हिणवणे, वेगळे बसवणे, पाण्याच्या भांड्यापाशी अडवणे हा 'मुलांमुलांतला' प्रश्न आहे असे म्हणून तेव्हाचे शासन गप्प बसले नाही. वर्गातल्या वागणुकीची जबाबदारी त्याने शिक्षकावर टाकली.

आता शाळेपलीकडच्या एका संस्थेकडे वळू, कारण तिच्याशिवाय कोल्हापूरच्या तरुणाविषयी बोलणे अपुरे राहील. ती संस्था म्हणजे तालीम. १९०२ च्या विलायतवारीत शाहू महाराजांनी रोमचे आखाडे पाहिले आणि त्या धर्तीवर बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली सुरू झाले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, मठ, काळाइमाम ही तालमींची नावे कुस्तीशी संबंध नसलेल्या माणसालाही ठाऊक असतात. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे आणि १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर याच मातीत तयार झाले.

मला मात्र येथे गदांचा इतिहास सांगायचा नाही. तालमीच्या आतल्या रीतीकडे लक्ष वेधायचे आहे. पहाटे अंधारात उठायचे, हौद्यातली तांबडी माती खोऱ्याने उकरायची, जोर-बैठका मारायच्या, वस्तादाच्या पाया पडून लढतीला उतरायचे. एखादा पोरगा आला नाही तर वस्ताद त्याच्या जोडीदाराला विचारणार, 'का रे, तो कुठं आहे?' यासाठी वही लागत नाही. दुसरी रीत याहून अर्थपूर्ण आहे. थोरल्या पैलवानाने धाकट्या पोरांना लढत द्यायची. म्हणजे आपली ताकद आवरून त्यांना आपल्या अंगावर डाव मारू द्यायचे. बलवानाने दुबळ्याशी कसे वागावे याचे याहून प्रत्यक्ष शिक्षण मला दुसरीकडे आढळलेले नाही. दांडगाईला येथे जागा नाही असे नव्हे. पण दांडगाई केली तर जाब विचारणारा माणूस हौद्याच्या काठावर बसलेला आहे. अंगात बळ येत असतानाच ते बळ कोणापुढे तरी जबाबदार आहे, ही जाणीव रोज पहाटे दिली जाते. कोल्हापुरात अनेक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात, ही गोष्टही याच रीतीतून आली असावी. ज्याच्याशी पहाटे माती अंगाला लावून झुंजायचे, त्याच्याशी संध्याकाळी वैर धरणे तितके सोपे राहत नाही.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, हा स्मरणरंजनाचा प्रकार झाला. आक्षेप योग्य आहे. तालमीच्या या शहरात ३० जानेवारी १९४८ नंतर जे घडले ते विसरता येत नाही. गांधीजींच्या हत्येनंतरच्या दंगलीत येथे घरे जळाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. तालमीतल्या ताकदीला राजकारणात आणि निवडणुकीत राबवून घेणाऱ्यांची आपल्या भागात कधी वाण नव्हती. शिवाय हा सारा बंदोबस्त मुलांपुरता होता. मुलींना ना हौद्यात जागा होती, ना त्यांच्यावर होणाऱ्या दांडगाईचा हिशेब कोणी ठेवत होते. तेव्हा तालीम म्हणजे रामबाण, असे माझे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की, जेथे वस्ताद होता तेथे बळाला मालक होता. वस्ताद गेला आणि पाटी राहिली, तेथे काय उरले ते आपण पाहतोच आहोत.

पाटी राहिली, हे शब्दशः खरे आहे. गेल्या काही दशकांत पेठांतल्या कित्येक तालमींत हौदा सुकला आणि नावाला 'तरुण मंडळ' जोडले गेले. त्यांच्या नावाने फुटबॉलचे संघ झाले. हे कोल्हापूरचे वैभवच आहे. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की सारे गाव लोटते. पण खेळणारे अकरा आणि त्यांच्या नावाने ओरडणारे हजारो. अकरांना प्रशिक्षक असतो, हजारांना कोणी नसतो. सामन्यानंतरची हुल्लडबाजी, दगडफेक यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. ७ जून २०२३ रोजी याच शहरात मोबाईलवरच्या काही 'स्टेटस'वरून बंद पुकारला गेला, दगड उडाले, लाठ्या चालल्या आणि इंटरनेट थांबवावे लागले. त्या प्रकरणांत अल्पवयीन मुलेही होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. शाहूंच्या नगरीत असे कसे झाले, असे त्यानंतर अनेकांनी विचारले. मला वाटते प्रश्न थोडा वेगळा विचारायला हवा होता. त्या दिवशी रस्त्यावर असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे नाव आदल्या दिवशी कोणी पुकारले होते?

कारण आणखी एक वही आहे, आणि तिच्याविषयी आपण बोलत नाही. प्रत्येक टोळीचा, प्रत्येक 'भाऊ'चा हजेरीपट असतो. रात्री चौकात कोण आले, कोण आले नाही, याची त्याला खबर असते. वर्गात ज्याचा फक्त क्रमांक पुकारला जातो, त्याला तो नावाने हाक मारतो. आजारी पडला तर दवाखान्यात नेतो, फी थकली तर खिशातून नोटा काढतो, वाढदिवसाला चौकात फलक लावतो. पहिल्यांदा स्वतःचे नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत पाहणाऱ्या मुलाला त्या अक्षरांची किंमत पुढे कधीतरी चुकवायची आहे, हे कसे कळावे? टोळी हिंसा शिकवते ते नंतर. आधी ती हजेरी घेते.

कायद्याला याची जाण नाही असे नाही. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला. त्यात दोषी विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, हे आपण प्रवेशाच्या वेळी फलकावर लिहितो. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी न करणारा संस्थाप्रमुखही त्या गुन्ह्याचा साहाय्यक समजला जातो, हे मात्र फलकावर लिहीत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यांत प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट खुली केली. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. पण त्याच कायद्यात 'नव्याने सुरुवात' हे तत्त्व आहे. मुलाची ओळख उघड करायची नाही, आणि विशिष्ट परिस्थिती वगळता त्याच्या जुन्या नोंदी पुसून टाकायच्या. १९१८ च्या हुकुमात जे सूत्र होते, तेच हे आहे. संशयाची वही जपून ठेवायची नसते. आपण स्टाफरूममध्ये मात्र ती जपतो. 'तो त्या गल्लीतला', 'त्याच्या भावाचं काय झालं माहीत आहे ना', 'त्या आडनावाची पोरं तशीच'. इंग्रजांचा १८७१ चा कायदा रद्द झाला खरा, पण चहाच्या टेबलावर त्याची अंमलबजावणी अजून चालते.

आणि मी यातून मुक्त आहे असे नाही. काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गात एक मुलगा होता. तो दुसऱ्या रांगेत बसे. 'फकिरा'वर निबंध लिहायला सांगितला तेव्हा हजेरीच्या प्रसंगावर त्याने दीड पान लिहिले होते, जे इतर कोणीच लिहिले नव्हते. दिवाळीनंतर तो येईनासा झाला. मी त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करत राहिलो. फेब्रुवारीत नियमाप्रमाणे त्याचे नाव अपुऱ्या उपस्थितीच्या यादीत गेले आणि ती यादी सूचनाफलकावर लागली. त्यानंतर दोन महिन्यांनी एका मारामारीच्या गुन्ह्यात तो सापडल्याचे त्याच्या वर्गमित्राने सांगितले. माझ्या वहीत त्याच्या गैरहजेरीचा एकही दिवस चुकलेला नव्हता. नोंद निर्दोष होती. 'तो कुठं आहे?' असे त्याच्या जोडीदाराला मी दिवाळीनंतर विचारायला हवे होते. तालमीतला कोणताही अल्पशिक्षित वस्ताद दुसऱ्याच दिवशी ते विचारतो.

तेव्हापासून मी एक साधी गोष्ट करतो. क्रमांक न पुकारता नावे पुकारतो. त्यात आठ मिनिटे जातात आणि अभ्यासक्रम मागे पडतो, अशी तक्रार आहे. सलग तीन दिवस कोणी आले नाही तर शेजारच्या बाकाला विचारतो. बहुतेक वेळा उत्तर ऊसतोडीचे, लग्नाचे किंवा तापाचे असते. क्वचित शेजारचा बाक खाली पाहतो आणि काही बोलत नाही. अशा वेळी तास संपल्यावर मी त्याच्याबरोबर गेटपर्यंत चालत जातो.